दगडावरची ओळ

"ही ओळ चालायची नाही," पाळकसाहेब म्हणाले.

पाथरवटाने मान वर केली नाही. तो छिन्नी-हातोडी घेऊन दगडासमोर उकिडवा बसला होता. दगडावर मुलीचं नाव होतं, वय वर्षे आठ, आणि खाली 'झोपली आहे' एवढेच शब्द. तिथे 'प्रभूजवळ आहे' असं पाहिजे होतं. त्या चर्चच्या मंडळीत प्रत्येकाच्या थडग्यावर तीच ओळ असे, आणि पाळकांची सही झाल्याशिवाय दगड दफनभूमीच्या फाटकातून आत जात नसे. बायको वारली म्हणत पाथरवट तान्ह्या पोरीला घेऊन या गावात आला, तेव्हापासून सगळ्यांसाठी त्यानेच ती ओळ कोरली होती. आता स्वतःच्या लेकीच्या वेळी त्याचं डोकं फिरलं होतं.

पाळकसाहेब स्वभावाने मऊ, पण आत्म्याची गोष्ट निघाली की कोणाच्या बापाचं ऐकत नसत. एक दगड रुमालाने झटकून ते बसले आणि समजावू लागले. माती मातीला मिळते, आत्मा जागाच राहतो. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने 'आजच तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील' असं सांगितलं होतं, शेवटच्या न्यायाच्या दिवशी बघू असं नव्हे. पाथरवट शास्त्रात डोकं घालणारा माणूस नव्हता, पण आज तयारीने बसला होता. चार दिवस कबरीत राहून प्रभूच्या हाकेसरशी जो जिवंत उठून बाहेर आला, त्याने तिकडच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मग तो झोपलाच होता ना, असं त्याने विचारलं. पाळकसाहेबांना उत्तर सापडायला जरा वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी ते बरंच लांबवलं.

खरं तर त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटत होतं. मुलीच्या शेवटच्या दुपारी दवाखान्यात तेच होते. पोर घाबरली होती, बापाचं बोट काही केल्या सोडत नव्हती. त्यांनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, डोळे मिटलेस की समोर तुझी आई उभी असेल. आईला तिने धड पाहिलंही नव्हतं. पण पोरीने बोट सोडलं, आणि हसली. उभ्या आयुष्यात याहून चांगलं काम आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना मनापासून वाटे. मागच्या रविवारी उपदेशात त्यांनी तो प्रसंग सांगितला, तेव्हा अर्धी मंडळी डोळे पुसत होती. बाप तेवढा मधेच उठून गेला होता.

"अरे, ती आईच्या कुशीत आहे," पाळकसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "तिला झोपवून तुला काय मिळणार?"

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. हाताची धूळ मांडीला पुसली.

"तिची आई मेलेली नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात धरून निघून गेली. पोरीला काय सांगायचं, म्हणून मेली म्हणालो. आता लेकरू तिथं जागं असेल, तर तुमच्या शब्दावर एकेका बाईच्या तोंडाकडे बघत फिरत असेल."