मृत्यू : संदर्भ हवा

"बाई, आज चौथ्यांदा ती ओळ उडवू नका. न्हाईतर नियमानं मला तुमचंच खातं बंद करावं लागंल."

प्रसेनजीतनं असं तोंडावर सांगितल्यावर विजयमालाबाईंचा हात माऊसवरच थांबला. राजारामपुरीतल्या त्या वाचनालयात त्या सकाळी दहापासून बसून होत्या. पोटात अन्नाचा कण नाही. समोर पडद्यावर त्यांच्या नवऱ्याचं पान होतं. जिनपाल मगदूम, पन्हाळ्याच्या शिलालेखांचे अभ्यासक. जन्म १९५४. आणि त्याच्याखाली पुन्हा ती मेली ओळ : मृत्यू, ऑगस्ट २०१९.

प्रसेनजीत त्यांचा जुना विद्यार्थी. पोटापाण्याला ग्रंथपाल, आणि इंटरनेटवरच्या त्या कुणीही लिहावं अशा ज्ञानकोशावर प्रचालक. म्हणजे लोकांची भांडणं सोडवायची, तीही फुकट. हौस, दुसरं काय!

"अरे, तो मेला रोज आमच्या ह्यांना मारतोय, आणि मी गप बसू?" बाईंचा आवाज चढला तशा पेपर वाचणाऱ्या दोघांनी माना वळवल्या.

"मारत न्हाय बाई, लिहितोय."

"एकच की ते!"

महापुराच्या आठवड्यात जिनपाल घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. स्कूटर तेवढी पंचगंगेच्या पुलाजवळ सापडली. पाणी ओसरल्यावर पोलिसांनी सगळा काठ धुंडाळला, हाती काही लागलं नाही. भावकीनं वर्षभर कळ काढली आणि मग, आता काय ते विधी उरकून घ्या, म्हणून मागं लागली. बाईंनी एकेकाला दारातनं परत लावलं. कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. तरी लग्नपत्रिकांत जिनपालांच्या नावामागं 'कै.' लागायचं ते लागलंच. ते जिवंत आहेत असं म्हणणारं ते एकच पान उरलं होतं. तेही गेलं की माणूस गेला, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं.

पाच महिन्यांपूर्वी 'शोधक' नावाच्या कुणा सदस्यानं तिथंही मृत्यू लिहिला. बाईंनी उडवला. त्यानं परत घातला. तेव्हापासून हे असंच चाललेलं. बाई उतारवयात एका बोटानं टाइप करायला शिकल्या त्या एवढ्यासाठीच.

"हा अमरसिंहच," बाई म्हणाल्या. "स्मृतिग्रंथ काढायचाय त्याला. माणूस जिता असला तर स्मृतिग्रंथ निघंल कसा?"

अमरसिंह म्हणजे जिनपालांच्या बरोबरीनं शिलालेख वाचत हिंडलेले मित्र. कालच बाई त्यांच्या दारात जाऊन चारचौघांदेखत भांडून आल्या होत्या. त्या बिचाऱ्यांनी हात जोडले. "वहिनी, आईच्यान सांगतो, मला ईमेल धड उघडता येत न्हाय. आणि तो ग्रंथ मी कवाच गुंडाळून ठेवलाय." बाईंनी त्यातला एक शब्द खरा मानला नव्हता.

"कोणबी असू दे," प्रसेनजीत म्हणाला. "आज पाचला मी निकाल देणार. त्याच्या आत दोघांनी आपलं शेवटचं म्हणणं चर्चा पानावर लिहायचं. मग पानाला कुलूप. वर्षभर कुणालाच हात लावता यायचा न्हाय."

"आणि निकाल कुणाच्या बाजूनं?"

प्रसेनजीतनं नजर चुकवली. "त्यानं संदर्भ म्हणून पेपरातली बातमी लावलीय, बाई. अभ्यासक पुरात वाहून गेले म्हणून. तुमच्याकडं छापलेलं काय हाय?"

"मी हाय की! बायको हाय मी त्यांची!"

"बायको संदर्भ हुईत न्हाय, बाई."

तो बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. उठून त्यानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. बाईंनी तो बाजूला सारला. साडेचार वाजले होते. डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत त्या एकेक अक्षर शोधून लिहायला लागल्या.

'ते मरायला गेले नव्हते. त्या दिवशी पहाटे निघाले. चपला घालताना माझ्याकडे बघून "येतो" म्हणाले. येतो म्हणून गेलेला माणूस परत यायचा असतो. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. हात जोडते, ही ओळ काढा.'

प्रसेनजीतनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढून उगाच पुसत बसला.

"बाई, पोलिसांत बेपत्ता म्हणूनच नोंद हाय न्हवं?"

"व्हय. अजून तीच हाय."

"मग बास. मृत्यू काढतो आणि बेपत्ता लिहितो. पेपरापेक्षा ती नोंद मोठी. कोण काय करतंय बघू!"

बाईंना एकदम हुंदका आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या खुर्चीला पाठ टेकून बसल्या. ग्लासातलं पाणी एका दमात प्यायल्या. घरी जाऊन आधी भात टाकायचा, असं त्यांच्या मनात आलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना शोधकचं उत्तर आलं. एवढंच :

'वरील मजकुरात एक दुरुस्ती. "येतो" नव्हे, "जातो" असे म्हटले होते.'

"बघा की ह्याचा उद्योग!" प्रसेनजीत भडकला. "आता हरणार म्हणून वाट्टंल ते ठोकून देतोय. ह्याला कुठला संदर्भ? थांबा, उडवतोच."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. तो शब्द त्यांनी पोलिसांना सांगितला नव्हता. लेकीला सांगितला नव्हता. सहा वर्षांत स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय त्याचं."

"त्याला काय ठाऊक, बाई? त्या पहाटे घरात आणि कोण होतं?"

"कोण न्हाय. आम्ही दोघंच."