पाणी जमलं!

निवृत्तीनंतर आजोबांनी हौसेने मागच्या अंगणात खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव बांधून घेतला. मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्रही बसवलं; पण क्लोरीन काही त्यांना दाद देईना. सुट्टीला आलेली नातवंडं रोज पोहायचे कपडे घालून काठावर बसायची आणि आजोबा क्लोरीन तपासायच्या परीक्षानळीतल्या पाण्याचा रंग बघून मान हलवायचे. "आज जास्त झालंय." "आज कमी पडलंय."

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आजोबा नाचतच ओरडले, "जमलं! अगदी मापात आलंय!"

नातवंडं धावली, तसे ते हात पसरून आडवे आले. "खबरदार! तुम्ही उतरलात की पुन्हा बिघडेल!"

 

आजीने मागून येऊन त्यांना कपड्यांसकट पाण्यात ढकललं आणि ती नातवंडांना म्हणाली, "बिघडलं एकदाचं. उतरा रे आता!"