मॉर्फिन नको

कॅन्सरनं बाबांची हाडं पोखरली होती. वेदनेनं ते उशी चावत होते आणि मी दीडशहाणा सिस्टरना दरडावत होतो, "मॉर्फिन नको! व्यसन लागेल त्यांना."

"व्यसन मला लागलं होतं," सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या. "पेशंटचं औषध चोरून स्वतःला टोचायचे. नोकरी गेली, उपचार घेतले, परत उभी राहिले. आजही मॉर्फिनच्या कपाटाची चावी मी हातात घेत नाही. इंजेक्शन दुसरी सिस्टर देते."

एवढं खरं बोलायची छाती आमच्या अख्ख्या खानदानात कुणाची नव्हती.

"आणि तरी तुम्हीच म्हणता, द्या?"

"मी चोरलं, तेव्हा ज्यांना ते मिळालं नाही त्यांचं विव्हळणं मी ऐकलंय. मी नशेत केलं ते तुम्ही शुद्धीत करू नका, दादा."