चंद्राच्या पानावरची म्हैस

बाईंनी पान उलटलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कविता चंद्राची होती आणि चित्रात म्हैस होती. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली, डोळे अर्धवट मिटून तोंड हलवणारी, पानभर पसरलेली काळीकुळकुळीत म्हैस. छापखान्यात चित्रांची अदलाबदल झाली होती.

पुस्तक मिटून टाकायचीही सोय नव्हती. गठ्ठा त्याच सकाळी फुटला होता आणि प्रत्येक बाकावर एक प्रत उघडी होती. शिवाय मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. चित्रं बघत बसली की पोरं पाठांतर करत नाहीत, हे त्यांचं ठाम मत. तरी बाईंनी हट्टाने ही पुस्तकं मागवली होती. आणि बाईंची नोकरी कायम करायची की नाही, हे मोठ्या बाई आजच्या तासावरून ठरवणार होत्या.

बाईंनी वाचायला सुरुवात केली.

"थोडा थोडा रोज झिजतो,
एके रात्री पुरता विझतो,
पुन्हा हळूहळू भरून येतो,
आभाळभर हसून घेतो."

"ही चंद्राची कविता आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "चित्र मात्र जरा..."

"चित्र बरोबर आहे," पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "म्हैस त्याला खातेय. रोज थोडा थोडा. म्हणून तर तो झिजतो."

"अगं, पण चंद्र वर आभाळात असतो."

"पाण्यातपण दिसतो की. ती पाण्यातच बसलीय."

मग वर्गाला ऊतच आला. कुणी म्हणालं, चंद्र खाते म्हणूनच तिचं दूध पांढरं. कुणाला ती कुशीवर वळल्यावर आतून उजेड दिसला. बाईंनी चोरून मागे पाहिलं. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. बाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

तेवढ्यात, सारा वर्ग ज्याला वकील म्हणायचा, त्याने खोडा घातला. "खाल्ला म्हणजे संपला. मग पुन्हा भरून येतो तो कसा?"

दोन वेण्यांची मुलगी उत्तरासाठी पुन्हा चित्रात शोधू लागली.

"रवंथ करते ती," मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"खाल्लेलं ती पोटातून परत तोंडात आणते आणि निवांत चघळत बसते. तोंड बघा तिचं."

सगळी डोकी चित्रावर वाकली. वकिलाने बराच वेळ म्हशीचं तोंड न्याहाळलं आणि मान डोलावली. तास संपला तेव्हा कविता वर्गाला तोंडपाठ होती.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकाचा माणूस दुरुस्त प्रती घेऊन धावत आला. माफी मागता मागता त्याच्या घशाला कोरड पडली. त्याने नवं पान उघडून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. निळं आभाळ आणि मधोमध पिवळाधमक चंद्र. नोकरीत नुकत्याच कायम झालेल्या बाई शेजारी उभ्या होत्या.

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला. चित्र जवळून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"चंद्र ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याला खातंय कोण?"