आधी नापास

उचगावच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली हात आला तर ती थांबावी, असा प्रोग्रॅम इरावती लिहिणार होती. त्याआधी चाचणीसाठी तिने हातमोज्यात बकऱ्याच्या पायाची नळी भरून साच्यात ठेवली. एक ओळही लिहिली नव्हती, म्हणजे नळीचा चुरा व्हायलाच हवा होता. बटण दाबलं. प्रेस वरच थांबली. “थांबली की!” मालक दादा ओरडले. “मॅडम, आता लिवताय कशाला? आकाराम, काढ त्यो मोजा.” “न लिहिता थांबली, दादा, त्याचीच भीती वाटते.” “पास झालं तरी रडताय व्हय?” कामगार आकारामने हात आत घातला. इरावतीने त्याचं मनगट धरून मागे ओढलं. हवेचा दाब कमी पडल्याने अडलेली प्रेस दाब वाढताच कोसळली. मोजा फाटला, हाडाच्या तुकड्याने आकारामचं कपाळ फुटलं. आपल्या गालावर उडालेला नळीतला मगज पुसत दादा म्हणाले, “लिवा मॅडम. सावकाश लिवा.”