जोखीम: मानोआ

होडीचं इंजिन मंजूर झालं. राजधानी सुवातल्या मदत कार्यालयाने तसं कळवलं, आणि पाठोपाठ जहाजातून इंजिन आलंसुद्धा. नाइविलो गावाने ते खांद्यावरून उतरवून घेतलं, प्रार्थना केली आणि सर्वानुमते ठरवलं की यातलं काहीही घडलेलं नाही.

कारण मानोआची होडी किनाऱ्याला लागत होती.

मानोआ शेजारच्या द्राउवी बेटावरचा. त्याची आई नाइविलोची लेक, म्हणून तो साऱ्या गावाचा भाचा. भाच्याने आईच्या गावात येऊन एखाद्या वस्तूवर हात ठेवला की ती त्याची. मामांनी हसत द्यायची, अशी रीत. जनरेटर असाच गेला. गाभण डुकरीण गेली. चर्चमधलं घड्याळ गेलं, आणि तेव्हापासून प्रवचनाला शेवट राहिला नव्हता.

पण हे इंजिन उनाइसीला हवं होतं. तिचे दिवस भरत आले होते. दवाखाना पलीकडच्या मोठ्या बेटावर, आणि वल्हवत जाणाऱ्या होडीत बाळं दवाखान्यासाठी थांबत नसत. ज्या खडकापाशी जन्मतील त्याचंच नाव त्यांना पडे. गावात एक बगळा होता, एक फुटका दात होता. एका खडकाचं नाव मात्र कुणी घेत नसे. तिथलं बाळ राहिलं नव्हतं. दवाखान्याआधीचा शेवटचा खडक म्हणजे कासवाचं ढुंगण.

पहिला प्रस्ताव तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे गावचे मुखिया इनोके यांनी सांगितला आणि तिने उतरवून घेतला. आधी साऱ्या मानकऱ्यांना वंदन, मग त्यांच्या पूर्वजांना, मग आपण तोंड उघडल्याबद्दल क्षमा. इंजिन नवव्या पानावर आलं, तेही लाजत. प्रस्ताव परत आला. दुसरा उनाइसीने एकटीने लिहिला, एका पानात. अडचण: खडक. मागणी: एक इंजिन. लाभ कोणाला: जे अजून जन्मलेले नाहीत. जोखमीच्या रकान्यात खरं लिहा आणि थोडक्यात लिहा, असं कार्यालयाच्या प्रशिक्षणातल्या बाईंनी बजावलं होतं. तिने लिहिलं: मानोआ.

आता तो इनोकेंच्या घरात मांडी घालून बसला होता. कोपऱ्यात चटयांचा एक ढीग होता आणि ढिगावर उनाइसीच्या सासूबाई, तितिलिया, बसल्या होत्या. मानोआने आणलेली यांगोनाची मुळं मामांपुढे ठेवली, टाळी वाजवली आणि यांगोनाच्या पेयाची पुढे आलेली करवंटी एका दमात रिकामी केली.

"काय मामा, नवीन काय?"

"काही नाही रे. समुद्र आहे."

"मामी आज उंच दिसतायत."

"वयाने होतं," तितिलिया म्हणाल्या.

"आणि पेट्रोलचा वास?"

"तोही वयानेच."

मानोआने मान डोलावली. "परवा रेडिओवर कार्यक्रम लागला होता. प्रस्ताव कसा लिहावा. नमुना म्हणून एक अख्खा वाचून दाखवला." त्याने उनाइसीकडे पाहिलं. ती द्राउवीचीच लेक, त्याची चुलत बहीण. दोघं लहानपणी एकाच माडावरून पडली होती. "जोखीम: मानोआ. बाईंचा आवाज काय गोड होता. आईने शेजारपाजाऱ्यांना बोलावून ऐकवलं."

इनोकेंनी करवंटी पुन्हा भरली.

"मामी, उठा जरा," तो म्हणाला, आणि त्याने चटयांवर हात ठेवला.

इनोके हसले. हसावंच लागतं. दात दिसत होते, डोळे भलतीकडेच होते.

"ने, दादा," उनाइसी भिंतीला धरून उभी राहत म्हणाली. "फक्त आधी मला दवाखान्यात सोड. सुरू झालंय."

मानोआच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्वतःच इंजिन उचललं, स्वतःच होडीला लावलं, आणि वाटेत तिच्यापेक्षा जास्त तोच विव्हळला. कासवाचं ढुंगण एवढ्या झपाट्याने मागे पडलं की ते नाव सुचवायलाही कुणाला सवड मिळाली नाही. मुलगा झाला. खाटेवर, पंख्याखाली. बऱ्याच काळाने गावात कुणाला तरी बायबलमधलं नाव मिळालं: इसिकेली. मानोआने बाळाच्या कपाळाचा वास घेतला, डोळे पुसले आणि इंजिन घेऊन गेला.

मग बाळाचं तोंड आजोळी दाखवायचा दिवस आला. सासरची सगळी मंडळी नव्या चटया घेऊन वल्हवत द्राउवीला गेली. किनाऱ्यावर मानोआची होडी होती, इंजिन लख्ख पुसलेलं. स्वागताची भाषणं झाली, वंदनं झाली, क्षमा मागून झाली. उनाइसी बाळाला घेऊन होडीपाशी गेली. तिने त्याची मूठ अलगद उघडली आणि इंजिनावर ठेवली.

"मामा," ती बाळाच्या वतीने म्हणाली, "मला हे आवडलं."

मानोआ हसला. हसावंच लागतं.

परतताना वल्ही होडीच्या तळाशी पडून होती.

"तो परत येईल गं," तितिलिया म्हणाल्या.

"येऊ दे की. मग इसिकेली परत जाईल."

"ते खरं. पण आपल्या लितियालाही दिवस गेलेत. परगावी दिलेली आपली लेक. तिला मुलगा झाला तर?"

उनाइसीने इसिकेलीची मूठ अलगद मिटली.

घरी पोचल्यावर उनाइसीने कार्यालयाचा अहवाल लिहायला घेतला. शिकवला होता तसा, एका पानात. इंजिनाची स्थिती: उत्तम. ठिकाण: बहुधा वाटेत. जोखीम: मानोआ. उपाययोजना: इसिकेली, सध्या झोपलेला. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं आणि खाली शेवटचा परिच्छेद जोडला: सदर व्यवस्था अबाधित राहावी यासाठी नाइविलोच्या कोणत्याही लेकीस यापुढे मुलगा होणार नाही, अशी तरतूद आपल्या स्तरावर तातडीने करण्यात यावी, ही नम्र विनंती.