मागचं दार

"आई, ओढा आता दोरी," संचालक साहेब म्हणाले.

आईने दोरी हातात घेतली. मखमली पडद्यामागच्या संगमरवरी पाटीवर तिच्या लेकीचं नाव कोरलेलं होतं. लेक याच बालकक्षात नर्स होती. गेल्या वर्षी इथे आग लागली, तेव्हा एकेक तान्हं बाळ छातीशी धरून ती धुरातून, समोरच्या जिन्याने, खाली पोचवत राहिली. सगळी बाळं वाचली. कुणी मागे राहिलं तर नाही ना, हे बघायला ती पुन्हा वर गेली, ती परत आलीच नाही.

"तिने हसत हसत मरण पत्करलं," प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं होतं. ते वाक्य आईच्या काळजात सलत होतं. साधा तव्याचा चटका बसला तरी घर डोक्यावर घेणारी पोर. म्हणे हसत हसत!

तिने शेजारच्या मेट्रनबाईंना हळूच विचारलं, "बाई, मागे दार आहे की. त्या दाराने का नाही गेली ती?"

मेट्रनबाईंनी मान खाली घातली. "कुलूप होतं."

आईने वळून पाहिलं. दाराला ताजा रंग होता. त्यावर नवंकोरं कुलूप होतं. आणि कक्षातले पाळणे भरलेले होते.

तिच्या हातातून दोरी सुटली. "साहेब, आधी ते दार उघडा."

"चोऱ्या होतात हो, आई. किल्लीचं नंतर बघू. पाहुणे खोळंबलेत."

"सामान जाऊ नये म्हणून माझी पोर घालवलीत? आणि वर पुन्हा कुलूप! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. साहेब लगबगीने दाराला पाठ लावून उभे राहिले. "ऐका माझं. आज नको."

वर्षभर तोंड शिवून बसलेल्या मेट्रनबाईंनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उतरवलं.

"बाजूला व्हा, साहेब."

दोन-चार घावांत कुलूप निखळलं. नर्सेसनी मिळून दार ओढलं.

मागे जिना उरलाच नव्हता. जळमटांनी भरलेली जुनी विटांची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे साहेबांच्या ऐसपैस केबिनचा एसी घरघरत होता.